मोजायच्या आधी पाट बंद

परक्याच्या घरात शिरायचं, त्याच्याच खाटेवर बसायचं, त्याच्याच घरचा चहा प्यायचा आणि कप खाली ठेवता ठेवता विचारायचं, "संडासवरून आल्यावर हात कशानं धुता?" या कामाचा मला गेली बावीस वर्षं पगार मिळतो आहे. जगात माझ्यापेक्षा सुखी नोकरी कुणाची असेल असं मला वाटत नाही. माझी आई म्हणायची, "पोरगी भोचक हाये, हिचं कसं होईन." आईला कळलं नव्हतं की भोचकपणालाही भरती निघते.

मी आरोग्य सर्वेक्षणात काम करते. लोक काय खातात, कुठे बाळंत होतात, गोळ्या घेतात की उशाखाली ठेवतात, सरकारी दवाखान्यात गेले तर किती वेळ बसवतात, हे घरोघर जाऊन विचारायचं. प्रश्न शिकलेल्या माणसांनी केलेले असतात. आम्ही ते छापल्याप्रमाणे वाचायचे. पदरचा शब्द घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही आणि उत्तर ऐकून चेहरा हलू द्यायचा नाही. प्रशिक्षणात आम्हाला समोरासमोर बसवून दगडाच्या चेहऱ्याचा सराव करवतात. मी त्यात दरवेळी पहिली येते. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते आणि मंडईत नाटक होतं. अशाच एका नाटकात मी सोळाव्या वर्षी साठ वर्षांच्या सासूचं काम केलं होतं, आणि माझी खरी मावशी मला ओळखू शकली नव्हती. तिथे दगडाच्या चेहऱ्याचं काय घेऊन बसलात.

लोकही नाटकच करतात, आणि काय सुंदर करतात. "साबण दाखवा" असा एक प्रश्न असतो, कारण नुसतं "हो" लिहून चालत नाही, साबण डोळ्यांनी बघावा लागतो. एका घरी माझ्या या वाक्यानंतर आत भांडी पडली, कुजबुज झाली, आणि शेवटी घरधनीण देव्हाऱ्यामागून साबण घेऊन आली. "रोज यानंच धुता?" "रोज." साबणाचं वेष्टन फोडलेलं नव्हतं. मी लिहिलं: साबण दिसला.

गोंदियाच्या बाजारातले एक दुकानदार तर माझे लाडके. मी विचारलं, "तंबाखू खाते हैं क्या?" त्यांनी मान वर करून, हनुवटी छताकडे धरून उत्तर दिलं, "बिलकुल नहीं, मॅडम." हनुवटी खाली आणली असती तर तोंडातला रस माझ्या कागदावर आला असता. मी म्हटलं, "और ये मुँह में?" ते छताकडे बघतच म्हणाले, "ये तो खर्रा है." आता खर्ऱ्यात सुपारी असते, चुना असतो आणि भरपूर तंबाखू असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी तंबाखू वेगळा, खर्रा वेगळा. तेव्हापासून आमच्या भागातल्या फॉर्मवर खर्ऱ्याचा प्रश्न स्वतंत्र आला. त्या दुकानदारांना हे माहीत नाही, पण आरोग्यविज्ञानात त्यांची भर आहे.

असं बघता बघता मला एक गर्व चढला. समोरचा पाठ केलेलं बोलतोय की मनातलं, हे मला अर्ध्या वाक्यात कळतं, असा. दिवाळी अंकात लिहायचं ठरलं तेव्हा मनात आलं की हा गर्व उतरला ती गोष्टच सांगावी. ज्यांनी तो उतरवला त्यांचे उपकार फेडायचे राहिले आहेत.

चिचगडच्या अलीकडे, जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव. नाव सांगत नाही, कारण आमच्या कामात गावाचं नाव सांगत नसतात. गावाला मोठा जुना तलाव. तलाव बांधण्यात मुरलेल्या कोहळी समाजाच्या कुठल्यातरी पिढीनं पाळ घालून अडवलेला. एका अंगाला कोहळ्यांची घरं, दुसऱ्या अंगाला गोंडांची वस्ती, म्हणजे टोला, आणि मध्ये दोन खोल्यांचं आरोग्य उपकेंद्र. तिथे मडावी सिस्टर होत्या. पस्तिशीच्या, बुटक्या, भराभर चालणाऱ्या. कंत्राटी. म्हणजे अकरा महिन्यांची ऑर्डर, ती संपली की नवी, मर्जी झाली तर.

आमचा अभ्यास बीपीच्या गोळ्यांवर होता. जिल्ह्यातल्या काही गावांत महिन्याच्या महिन्याला गोळ्या वाटल्या जात होत्या, पण लोकांचं बीपी उतरत नव्हतं. का, ते शोधायचं होतं. या गावात तर कुणाचंच उतरत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा सिस्टरनं चहा दिला आणि रजिस्टर माझ्यासमोर उघडून ठेवलं.

"हे पाहा, ताई. दर चौथ्या बुधवारी मी बीपी मोजतो, अठ्ठावीस गोळ्या देतो. आन पुढच्या बुधवारी आले का इचारतो, शिल्लक किती. ते इथं लिवलं हाये."

आमच्याकडे बायकाही 'मी मोजतो, मी देतो' असंच बोलतात. मी शिल्लक गोळ्यांचा रकाना बघितला. चार. खाली चार. त्याच्या खाली चार. पान उलटलं. चार, चार, चार. एखाद्या ठिकाणी पाच होते, ते डोळ्यांना बरं वाटलं.

"साहेब आले होते," सिस्टर म्हणाल्या. वरचे कुणी साहेब तपासणीला येऊन गेले होते. "म्हनाले, साऱ्याइच्या घरी चारच गोळ्या कशा उरतात? खरी मानसं अशी एकसारखी वागत नाही. तू गोळ्या वाटत नाहीस, घरी बसून रजिस्टर भरतेस. वाटल्या असत्या तं बीपी काऊन उतरलं नाही?"

"मग?"

"खुलासा मागतला. माही ऑर्डर या महिन्यात सरते. साहेब म्हनाले, सर्वेवाले येऊन राहिले, ते काय सांगतात ते पाहू." त्यांनी माझा रिकामा कप उचलला. "माह्या पोरीचं दहावीचं वर्स हाये, ताई. तुमाले काही कराले नाही म्हनत. जे हाये ते लिवा."

मी दगडाचा चेहरा करून रजिस्टर मिटलं. खरं सांगायचं तर माझंही मत साहेबांसारखंच झालं होतं. बावीस वर्षं घरं फिरलेल्या बाईला विचारा: दोन सख्ख्या बहिणी एका गोष्टीचं एकसारखं उत्तर देत नाहीत. आणि इथे सगळ्या गावाच्या घरी चार.

मोजणीचा दिवस बुधवारच ठरलेला होता. पाच दिवस आधी गावात दवंडी दिली होती आणि व्हॉट्सॅपवरही टाकलं होतं: सर्वेवाले बीपी मोजायला येणार, घरी राहा. धानाच्या लोंब्या निसवायचे दिवस, बांधावर कामं होती, पण लोक खरंच घरी राहिले. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, आमच्यासाठी खाट टाकून बसले होते.

पहिलं घर डोमाजी बाबांचं. गावातले सगळ्यात मानाचे म्हातारे. त्यांच्या घराण्याकडे तलावाचं पाणी वाटायचं काम. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी हे ठरवणाऱ्याला तिथे पाणकर म्हणतात, आणि पाणकराचा शब्द कोर्टाच्या वरचा. बाबा ताठ बसले होते, बाही आधीच वर सरकवलेली. शेजारच्या खाटेवर त्यांचा धाकटा भाऊ पडून होता. त्याची उजवी बाजू गेलेली. आदल्या वर्षी लकवा मारला होता.

"बाबा, काल बीपीची गोळी घेतली?"

"नाही."

"परवा?"

"नाही."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"नाही म्हनलो नं, बाई."

इतकं ठणठणीत नाही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सहसा या प्रश्नाला लोक चाचरतात, सुनेकडे बघतात, "घेतली बहुतेक" म्हणतात. बाबांच्या बोलण्यात तर शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलाचा थाट होता. मशीन लावलं. आकडा भरपूर वर. मी नियमाप्रमाणे चिठ्ठी दिली: बीपी जास्त आहे, दवाखान्यात दाखवा. बाबांनी ती समाधानानं घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या घरी नाही. तिसऱ्या घरी नाही. टोल्यावर गेलो, तिथेही नाही. आमच्या फॉर्ममध्ये "नाही" म्हटलं की थेट पुढच्या भागावर जायचं होतं. का नाही, हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. आधीच्या एका अभ्यासात "का" विचारलं तेव्हा लोकांनी इतकं सांगितलं होतं की आमच्या मॅडमनी या वेळी तो गाळला. आणि मी, जी शेजारणीच्या घरी कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी कारण विचारून येते, ती मी त्या दिवशी नियम पाळत बसले. दिवस मावळेपर्यंत माझ्याजवळ गावभरचे "नाही" जमले होते. गोळ्या कुणीच घेत नव्हतं. बीपी सगळ्यांचं वर. साहेबांना हवं होतं ते सगळं मी स्वच्छ अक्षरात गोळा केलं होतं.

निघताना सिस्टर जीपपाशी आल्या.

"काय निघालं, ताई?"

"ते सांगता येत नाही, सिस्टर."

"बरं." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं, मग आत गेल्या आणि कागदात बांधलेले उकडलेले शिंगाडे आणून माझ्या हातात दिले. "तलावाचे होत. रस्त्यानं खा."

देवरीला आमचा मुक्काम होता, तिथपर्यंत मी ते शिंगाडे खाल्ले. कबूल करायला लाज वाटते, पण फार चवदार होते.

आता माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात उपयोगी चुकीकडे येते. दोन दिवसांनी आमचे पर्यवेक्षक पटले सर माझ्यासमोर येऊन बसले. माणूस पोवार समाजातला, मराठी चांगलं येणारा, पण गोंदिया शहरात वाढलेला, त्यामुळे राग आला की हिंदीत जातो.

"मॅडम, ये आपका पहला घर. आदमी की उमर सतरा साल."

"काहीतरीच काय."

"सतरा साल. शादी हो गई. चार नाती-पोते. काम, तलाव का पानी बाँटना. बहुत तरक्की किया लडके ने."

मी एकाहत्तरचे सतरा केले होते. बीपीकडे लक्ष होतं, वयाकडे नाही. अशी चूक फोनवर दुरुस्त करता येत नाही, घरी जाऊन माणूस समोर बसवूनच करावी लागते. मी पटले सरांचीच गाडी मागितली. त्यांनी चावी दिली आणि वर म्हणाले, "उनको बोलना, अठरा के होने दो, फिर वोटिंग कार्ड निकाल देंगे."

शनिवारी सकाळी मी एकटीच गावात शिरले. दवंडी नाही, जीप नाही, हातात मशीन नाही. डोमाजी बाबा ओसरीवर बसून शिळ्या भाताबरोबर चटणी खात होते. जेवण झालं, हात धुतला, आणि त्यांनी उशाच्या डबीतून गोळी काढून तोंडात टाकली. वरून पाणी प्यायले. मी दारातच उभी.

आता इथे मी नियम मोडला. छापलेलं काही वाचलं नाही, आणि आपल्या बोलीत विचारलं.

"बाबा, हे काय खाऊन राहिले?"

"गोळी. बीपीची."

"कोनी देल्ली?"

"सिस्टरनं. आनखी कोन देईन?"

"पन बुधवारी तं तुमी मले नाही म्हनलं. तीन दिवस नाही खाल्ली म्हनलं."

"चार दिवस," बाबा म्हणाले. "तुमी तीनच इचारले."

"काऊन नाही खाल्ली?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू सतरा वर्षांची मीच आहे.

"मोजाचं होतं नं, बाई."

मी खाटेवर बसले. बाबांनी मला समजावून सांगितलं, आणि इतकं नीट मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी काही समजावलेलं नाही.

"तलावाचं पानी मोजाचं असन तं पयले पाट बंद कराव लागते. दार लावाचं, चार दिवस थांबाचं. पानी थीर झालं का मंग काठी लावाची. पाट चालू ठिवून मोजलं तं ते खोटं माप. त्याच्यावर पानी वाटलं तं शेवटचं शेत वाळते. आमच्या घरात बापापासून हेच हाये." मग त्यांनी डबी उचलून दाखवली. "हे गोळी म्हंजे पाटच नं? बीपी उतरवते. ते खाऊन मोजाले गेलो तं मशीनले गोळीचं माप भेटन, माह्या रक्ताचं नाही भेटन. सिस्टर बिचारी घरोघरी हिंडते, तिले खोटं माप कायले द्याचं? म्हनून बुधवारच्या पयले चार दिवस पाट बंद."

मला रजिस्टरमधला तो रकाना आठवला. चार, चार, चार.

"हे तुमीच करता का गावात आनखी कोनी?"

"सारेच करतात. मीच सांगतलं साऱ्याइले," बाबा अभिमानानं म्हणाले. "मापाच्या गोष्टीत माह्यावाचून कोनी पाऊल टाकत नाही."

"सिस्टरले सांगतलं?"

"तिनं इचारलं नाही. ती म्हने शिल्लक किती, आमी म्हनू चार. इचारलं असतं तं सांगतलं असतं. लपवाची गोष्ट हाये का?"

मडावी सिस्टर खोटं रजिस्टर भरत नव्हत्या. सगळं गाव मिळून त्यांच्याशी खरं वागत होतं. माणसं एकसारखी वागत नाहीत म्हणतात, पण ज्या गावात तीनशे घरांनी पिढ्यानपिढ्या एकाच तलावाचं पाणी एकाच काठीनं वाटून घेतलं, तिथे वागतात. हे साहेबांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी तर याच जिल्ह्यातली, लहानपणी तलावाच्या पाळीवरून शाळेत गेलेली.

फोनला रेंज पाळीवरच यायची. तिथे उभी राहून मी नागपूरला मॅडमना सगळं सांगितलं. या मॅडम म्हणजे आमच्या अभ्यासाच्या प्रमुख. 

"'का' हा प्रश्न मीच गाळला होता," त्या म्हणाल्या. "तो असता तर पहिल्याच घरी कळलं असतं. आता ऐका. आधी लोकांना सांगा, गोळी एकही दिवस बंद करायची नाही. आजच सांगा. सिस्टरना बरोबर घ्या."

"पण मॅडम, आपण सल्ला द्यायचा नसतो."

"हा सल्ला माझ्या नावावर द्या. माणसं आधी, अभ्यास नंतर."

बावीस वर्षांत मी बऱ्याच मोठ्या माणसांसाठी फॉर्म भरले. स्वतःची चूक फोनवर एका वाक्यात कबूल करणारी ही एकच. म्हणून त्यांचं नाव आमच्या घरी दिवाळीच्या फराळाच्या यादीत आहे.

मी परत ओसरीवर आले. बाबांना सांगणं मला जड गेलं.

"बाबा, रक्ताचं माप तलावासारखं नसते. गोळी खाऊनच मोजाचं असते. बंद केली का बीपी वर चढते. आन सिस्टरचं काम पन अडकलं हाये. साहेबाइले वाटते, तिनं गोळ्याच वाटल्या नाही. या चार गोळ्याइच्या पायी तिची नोकरी जाऊन राहिली."

 बाबांनी मान वळवून शेजारच्या खाटेकडे पाहिलं. भाऊ जागाच होता, आमच्याकडे बघत होता.

"यालेही मीच सांगतलं होतं," बाबा म्हणाले. "पाट बंद ठेव म्हनून. बुधवारी सकाळीच झालं याले."

लकवा त्यामुळेच आला असं कुठला डॉक्टर छातीठोक सांगणार नाही, आणि मी तर डॉक्टरही नाही. मी तसं बाबांना म्हटलंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग भावाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, खांद्यावर दुपट्टा टाकला, काठी घेतली आणि निघाले. मी मागोमाग.

तो दिवस मी विसरणार नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस दारोदार गेला. मी आणि मध्येच येऊन मिळालेल्या सिस्टर मागे. आम्हाला बोलायची गरजच पडली नाही. बाबा प्रत्येक दारात उभे राहून एकच वाक्य म्हणायचे, "माहं माप चुकलं. या मापाले पाट चालू ठिवाचा. आजपासून एकही दिवस बंद नाही." कुणी विचारलं, "काऊन जी, पाणकर?" तर तेवढंच परत सांगायचे. ज्याच्या मापावर गावानं कधी शंका घेतली नव्हती, त्यानं स्वतःच्या तोंडानं "चुकलं" म्हणायचं, तेही ज्यांच्या घरी गोळ्या चालू होत्या त्या शंभर दारांत. माझ्या नाटकात असा प्रवेश कुणी लिहिला असता तर मी म्हटलं असतं, जास्त झालं.

सिस्टर मात्र टोल्याच्या वळणावर एका दगडावर बसल्या.

"दोन वर्स, ताई. दर महिन्याले मी चार लिवत गेलो. मले वाटे, विसरतात बिचारे. एक दिवस तरी मी काऊन म्हनून इचाराव लागत होतं का नाही?"

"मी पण नाही विचारलं," मी म्हटलं. पण ते इतक्या हळू म्हटलं की त्यांना ऐकू गेलं नसावं.

दोन आठवड्यांनी, न सांगता, दुसऱ्या चमूनं येऊन पुन्हा बीपी मोजलं. मला मुद्दाम त्यात घेतलं नाही, कारण मला उत्तर काय हवं आहे हे सगळ्यांना दिसत होतं. मला उपकेंद्राबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली बसवलं, आणि माझ्यावर नजर ठेवायला पटले सर. ते साहेबही त्या दिवशी आले होते. पुष्कळांचं बीपी उतरलेलं निघालं. सगळ्यांचं नाही. काहींना गोळी बदलून लागणार होती, ते डॉक्टरांनी पुढे बघितलं. डोमाजी बाबांचं उतरलं. साहेबांनी रजिस्टर चाळलं तेव्हा बाबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, ते चार चार माहे होत. सिस्टरचे नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एवढं साधं होतं तर सिस्टरनं खुलाशात लिहायचं ना," ते म्हणाले. सरकारी माणसाच्या तोंडून माफी यापेक्षा जवळ येत नाही. पण त्याच महिन्यात सिस्टरची ऑर्डर निघाली. अकरा महिन्यांचीच. तरी निघाली. आणि साहेबांनी आणखी एक काम केलं, ते त्यांच्या खात्यात जमा धरायला हवं: मोजणीचा ठरलेला बुधवार बंद करून सिस्टरला वेगवेगळ्या दिवशी अचानक मोजायची मुभा दिली.

सिस्टरनं उपकेंद्राच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून लिहून घेतलं: "बीपी मोजायला पाट चालू ठेवून या." बाहेरगावचे अधिकारी ते वाचून गोंधळतात. गावातल्या कुणाला समजवावं लागत नाही. आणि आमच्या पुढच्या फॉर्ममध्ये प्रत्येक "नाही"नंतर एक मोकळी ओळ आली. मॅडमनी तिच्यावर "का?" छापलं. आम्ही गोंदियावाल्या सगळ्या ते "काऊन?" असंच वाचतो. छापल्याप्रमाणे वाचायच्या नियमाचा तेवढा भंग आम्हाला माफ आहे.

आता मलाच बीपीची गोळी सुरू झाली आहे. मडावी सिस्टर बदलून गोंदियाजवळ, मुर्रीच्या बाजूच्या केंद्रात आल्या आहेत. मी राहते जवळच, कुडव्याला, तेव्हा गाडीवर जाऊन त्यांच्याकडेच मोजून घेते. गेल्या महिन्यात, गोळी सुरू झाल्यावर पहिल्यांदा, मोजायला जायचं होतं. सकाळी गोळीच्या डबीकडे गेलेला हात थांबला. मनात आलं, आज मोजायचं आहे, एक दिवस राहू दे, खरं काय ते कळेल. शपथेवर सांगते, अगदी हेच आलं. मग मला डोमाजी बाबा दिसले, दारोदार उभे. मी गोळी घेतली.

सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला. मी खुर्चीत टेकले आणि जे इतके दिवस मनात राहिलं होतं ते काढलं.

"सिस्टर, तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या बुधवारी तुम्ही शिंगाडे दिलेत ना, तेव्हा माझ्या बॅगेत गावभरचे नाही होते. मला वाटलं होतं, तुम्ही खरंच रजिस्टर घरी बसून..."

"ताई, मशीन लावली का बोलाचं नसते. आकडा वाढते."

मी गप्प बसले. पट्टा फुगला, आवळला, सुटला. एवढा वेळ मी शेवटची गप्प कधी होते ते मला आठवत नाही. सिस्टरनं आकडा पाहिला, मान हलवली, पट्टा काढला.

"माहीत होतं मले," त्या म्हणाल्या. "तुमचा चेहरा पायला तवाच समजलं. एवढं तोंड पडलं होतं तुमचं. मले वाटलं, ही बाई रस्त्यानं रडत जाईन. म्हनूनच तं शिंगाडे देल्ले."

दगडाच्या चेहऱ्यात दरवेळी पहिली येणारी मी, खुर्चीत बसून राहिले. नोकरी त्यांची जात होती, आणि काळजी त्यांनी माझी केली होती.

सिस्टरनं रजिस्टर ओढलं, माझं पान काढलं. "शिल्लक किती गोळ्या?"

मला राहवेना. "चार," मी म्हटलं.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, हात टेबलावर जुळवले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काऊन?"